डॉल मेंढ्यासाठी रायफल निवडताना: वजनाचा माझा अनुभव

रायफलच्या पेटीवर छापलेल्या वजनावर माझा आता विश्वास उरलेला नाही. अलास्कात डॉल मेंढ्याचा, म्हणजे तिथल्या डोंगरांतल्या पांढऱ्या रानमेंढ्याचा, शिकारीचा हंगाम बहुतेक भागांत 10 ऑगस्टला उघडतो. मेंढे राहतात झाडोऱ्याच्या वर, सुट्या दगडांच्या उतारांवर, आणि तिथवर सगळं सामान पाठीवरून न्यावं लागतं. त्यामुळे रायफल हलकी हवी, याबद्दल कुणाचं दुमत नाही. कॅलिबरचाही घोळ घालू नये. .270 विंचेस्टर, 6.5 क्रीडमूर किंवा .308, यांतलं जे हाताच्या सवयीचं ते घ्यावं. मी .270 घेतली. 130 ग्रेनची गोळी 200 यार्डांवर झीरो केली, म्हणजे नेम त्या अंतरावर अचूक बसवला, की 300 वर साधारण साडेसहा इंच आणि 400 वर वीसेक इंच खाली लागते.

अडलं ते दुकानात. पेटीवर साडेपाच पौंड लिहिलेलं, म्हणजे अडीच किलो. हे वजन नुसत्या रायफलचं असतं: स्कोप म्हणजे नेमाची दुर्बीण नाही, ती बसवायच्या रिंगा नाहीत, पट्टा नाही, काडतुसं नाहीत. काउंटरवरच्या माणसाला मी म्हटलं, सगळं चढवून काट्यावर ठेवा. तर म्हणे, कंपनीने लिहिलंय ना. पार्सलचा काटा शेजारीच होता, पण तो मिळवायला मला दोनदा वर आवाज करावा लागला. हिशेब सरळ आहे. 3.5-10 पटीचा 40 मिलिमीटरचा हलका स्कोप 370 ग्रॅमच्या आसपास जातो. पट्टा 100 ग्रॅम. .270 ची चार काडतुसं आणखी 100. रिंगा आणि त्यांच्याखालचे बेस ॲल्युमिनियमचे असतील तर 100 ग्रॅमच्या आत, पोलादी असतील तर सहज दुप्पट. म्हणजे अडीच किलोची रायफल खांद्यावर येईपर्यंत 3.1-3.2 किलो होते. त्यावर बायपॉड, म्हणजे नळीखालचे दोन पाय, लावला की आणखी 350 ग्रॅम. दुकानदार 56 मिलिमीटरचे मोठे स्कोप पुढे करतात. त्यातले कित्येक एकटेच किलोभर भरतात, ते मेंढ्यासाठी घेऊच नका.

मला हव्या होत्या त्या हलक्या रिंगा दुकानात नव्हत्या. 'पुढच्या आठवड्यात येतील' हे वाक्य मी अख्खा जून ऐकलं. मधल्या काळात पोलादी बसवून देतो, नंतर बदलू, असा त्यांचा आग्रह. याला कधीही हो म्हणू नका. रिंगा बदलल्या की झीरो पुन्हा पहिल्यापासून, सरावाच्या गोळ्या वाया, आणि हंगाम तोंडावर आलेला. शेवटी रिंगा आल्यावर मी त्या घरी स्वतः बसवल्या आणि फार बरं वाटलं. बेसचे स्क्रू आणि भोकं आधी अल्कोहोलने पुसून तेल काढायचं, स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, निळं लॉकटाइट, अगदी थेंबभर, बेसला 20 इंच-पौंड आणि रिंगांना 15 ते 18. टॉर्कचा पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा, नसेल तर विकत घ्या. हलक्या रायफलचा धक्का जोरदार असतो, त्याने सैल स्क्रू सरकतात आणि माणूस बिचारा स्वतःच्या नेमाला दोष देत बसतो.

धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. 3.6 किलोची रायफल 2.7 वर आणली की धक्का एक तृतीयांशाने वाढतो. नळी बारीक असल्याने लवकर तापते आणि तिसरी-चौथी गोळी भरकटू लागते. सरावात दोन गोळ्या झाडा, नळी पूर्ण थंड होऊ द्या, मग पुढच्या दोन. याहून मोठी अडचण डोंगरावर येते. चढून धाप लागलेली असताना वाऱ्यात फार हलकी नळी स्थिर राहत नाही, स्कोपमधली नेमाची फुली, क्रॉसहेअर, मेंढ्यावरून घरंगळत राहतो. म्हणून माझं ठाम मत: सगळं चढवून तीन किलोच्या खाली जाऊ नका. बायपॉड घरी ठेवा, रायफल पाठपिशवीवर टेकवा आणि सरावही तसाच करा. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून मारलेल्या गोळ्या इथे कामाच्या नाहीत. नळीच्या तोंडावर लावायच्या मझल ब्रेकने धक्का कमी होतो खरा, पण शेजारी बसलेल्या साथीदाराचे कान जातात.

उताराचं गणितही आधी करून ठेवा. 30 अंशाच्या कोनात 400 यार्डांवरच्या मेंढ्यासाठी नेम 346 यार्डांचा धरायचा. वर मारा की खाली, आडवं अंतरच मोजायचं.

बाकी सामानाची मर्यादा विमान ठरवतं. सुपर कब या छोट्या विमानाने डोंगरात सोडणारे पायलट बहुधा माणशी 50 पौंड, म्हणजे 22.7 किलो सांगतात आणि रायफल त्यातच धरतात. दहा दिवसांचं जेवण रोज 800 ग्रॅमने आठ किलो. इथे आपला फराळ उपयोगी पडतो. दाण्याची चिक्की 100 ग्रॅमला 500 कॅलरींच्या आसपास, तूप जवळपास 900. कोरड्या भातात तूप घाला. ग्रॅम वाचवायचेत ते कपड्यांत आणि तंबूत वाचवा, स्पॉटिंग स्कोपमध्ये, म्हणजे लांबून मेंढा निरखायच्या दुर्बिणीत, नाही. बहुतेक ठिकाणी फक्त पूर्ण वळणाच्या शिंगांचा नर कायदेशीर असतो: शिंगाचं वळण 360 अंश, किंवा दोन्ही टोकं तुटलेली, किंवा वय किमान आठ वर्षं. शिंगावरची वर्षांची वलयं मोजायला 60-65 मिलिमीटरचा स्कोप आणि स्थिर ट्रायपॉड लागतोच. अडीच किलो गेले तरी चालतील. पाठपिशवी मजबूत चौकटीची घ्या. परतताना 25-30 किलो मांस, शिवाय शिंगं आणि कातडं तिच्यावरच यायचं असतं.

स्टोव्हचं इंधन आणि अस्वलाचा स्प्रे प्रवासी विमानात चालत नाही, ते अलास्कात पोचल्यावर घ्या. ज्या दिवशी छोट्या विमानाने उतराल त्या दिवशी शिकार करता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची टेप लावा, पाऊस आणि चिखल आत जात नाही. गोळी टेपमधून सरळ जाते, काढायची गरज नाही.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या भावाला सोबत शिकारीला नेता येईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दुसऱ्या राज्यातल्या अमेरिकी नागरिकाला गाइडऐवजी अलास्कात राहणारा सख्खा नातेवाईक सोबत असला तरी चालतो. अलास्काचा रहिवासी नसलेल्या परदेशी नागरिकाला मात्र परवानाधारक गाइडच लागतो. शिंगं 30 दिवसांच्या आत वन्यजीव खात्याकडे नेऊन सील करून घ्यायची असतात. नियम भागागणिक आणि वर्षागणिक बदलतात, त्यामुळे चालू वर्षाची नियमपुस्तिका रायफल घेण्याआधीच वाचून काढा.