हिरडीखालचे काम : आमची वाटचाल

कोथरूडमध्ये 2012 साली केवळ कुत्र्यांच्या दातांसाठी दवाखाना काढायचे ठरवले, तेव्हा जागामालकांपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला : कुत्र्याचे दात घासायला माणसे पैसे देतील का? परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन मी काही वर्षे सर्वसाधारण दवाखान्यात काम केले होते. लसीसाठी आणलेल्या कितीतरी पॉमेरेनियन आणि पग कुत्र्यांच्या तोंडाला येणारी दुर्गंधी मालकांनी ‘कुत्रा म्हटला की वास आलाच’ असे म्हणून मुकाट्याने स्वीकारलेली मी रोज पाहत होते. तो वास कुत्र्याचा नसून हिरडीखाली चाललेल्या कुजण्याचा असतो, हे सांगणारे कुणीतरी असायला हवे होते.

भांडवल बेताचे असल्यामुळे पहिले स्केलर, म्हणजे दातांवरचे कीटण (साचून कडक झालेला थर) काढणारे यंत्र, जुने घ्यावे लागले. ते मिळवून देणारे आणि पुढे चौथ्या हिश्शाचे भागीदार झालेले गृहस्थ तपकीर गल्लीजवळ दंतवैद्यांची उपकरणे दुरुस्त करीत असत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. पैसे घालण्याची त्यांची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी हिश्शापोटी यंत्र, कॉम्प्रेसर आणि स्वतःचे हात घातले. आणि माझ्या मते भागीदारीत सर्वांत मोठी रक्कम त्यांचीच होती.

आमच्या इमारतीला बोअरचे पाणी. त्यातल्या क्षारांनी स्केलरची बारीक नळी तुंबे आणि फवारा मंदावे, आणि पाण्याविना चालणारे टोक थोड्याच वेळात इतके तापते की दाताच्या आतली नस कायमची मरू शकते. काकांनी नळाची जोडणीच काढून टाकली आणि हवेच्या दाबावर चालणारी डिस्टिल्ड वॉटरची बाटली बसवून दिली. टोक एका दातावर सलग दहा-पंधरा सेकंदांहून अधिक ठेवायचे नाही, ही शिस्तही त्यांचीच. नवा माणूस हात शिकत असताना ते शेजारी उभे राहून मोठ्याने आकडे म्हणत. क्युरेटला, म्हणजे हिरडीखालचे कीटण खरवडायच्या हाताच्या अवजाराला, धार लावण्याचे काम त्यांनी कुणालाही दिले नाही. अर्कान्सास दगडावर तेलाचा थेंब टाकून ते सावकाश धार लावत आणि अॅक्रिलिकच्या कांडीवर ती पारखत : पाते कांडीत रुतले तर ठीक, घसरले तर पुन्हा दगडावर. बोथट क्युरेट कीटण काढत नाही, उलट मुळावर घोटून ते असे गुळगुळीत करते की नंतर बोटांना त्याचा पत्ताही लागत नाही.

पहिली काही वर्षे आम्ही चाललो, एवढे म्हणणे पुरे.

2018 च्या दिवाळीनंतर आमच्याच रस्त्यावर ग्रूमिंगचे एक दुकान सुरू झाले. नाव लिहिणार नाही. परिसरातल्या लोकांना ते ठाऊक आहे. त्यांच्या फलकावर ‘भूल न देता, अर्ध्या तासात पांढरेशुभ्र दात’ असे ठळक अक्षरांत होते आणि दर आमच्या पावपट. मालकांना भूल या गोष्टीची भीती वाटते आणि ती अगदीच निराधार नाही. पण कुत्र्याला भूल देणे हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम असल्यामुळे, ज्यांना ते करता येत नव्हते त्यांनी न करण्यालाच गुण ठरवून विकायला काढले, ही गोष्ट मला आजही पचलेली नाही.

ते करीत काय, हे एकदा सविस्तर लिहायचेच होते. कुत्र्याला टॉवेलमध्ये गुंडाळून दोघांनी धरायचे, ओठ वर करायचा आणि सुळ्यावरचे व वरच्या चौथ्या उपदाढेवरचे कीटण हाताच्या सिकलने, म्हणजे टोकदार आकड्याने, तोडायचे. लाळग्रंथीची नळी या दाढेसमोरच उघडत असल्याने तिथे कीटणाचे थर जाड साचतात. ते तुटले की फोटो उत्तम येतो. परंतु जिभेच्या बाजूला हात पोहोचत नाही, हिरडीच्या आत तर जागे असलेले कुत्रे जाऊच देत नाही, आणि पॉलिश न केल्यामुळे सिकलचे ओरखडे उरतात, ज्यांत नवा थर अधिकच लवकर धरतो. आजार होतो तो हिरडीखाली. दात दिसतो पांढरा आणि हाड झिजतच राहते. शिवाय दात पांढरा दिसतो म्हणून मालक तोंड उघडून पाहायचेही सोडतो. जागतिक लघुपशुवैद्यक संघटनेच्या 2020 साली प्रसिद्ध झालेल्या दंतविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी ही पद्धत स्पष्टपणे नाकारली आहे, पण फलक वाचणारा माणूस मार्गदर्शक तत्त्वे वाचत नाही.

वर्षभरात आमचे काम निम्म्याहून खाली आले. तोंडाच्या आतून एक्स-रे घेणारा सेन्सर आम्ही नुकताच कर्जावर घेतला होता, त्याचे हप्ते थकले. आम्ही घडवलेला एक मदतनीस त्याच दुकानात गेला आणि त्यांच्या पत्रकावर ‘अनुभवी’ म्हणून झळकला. तो अनुभव कुठला, ते मात्र छापले नव्हते. स्वस्तातली एखादी ‘बिनभुलीची’ सेवा आपणही ठेवावी, असे हितचिंतक सुचवू लागले. काकांनी त्या वर्षी हिश्शाचा एक रुपयाही उचलला नाही आणि हा विषय निघाला की ते उठून कॉम्प्रेसरकडे जात.

त्या दिवसांत एक डॅशहुंड आमच्याकडे आला. त्याला शिंका येत, एका नाकपुडीतून पाणी गळे आणि मालकांनी तोवर सर्दीची औषधे देऊन पाहिली होती. दात मात्र पत्रकात छापावेत इतके स्वच्छ. ते कुठे साफ केले हे विचारण्याची गरज नव्हती. भूल दिल्यावर वरच्या सुळ्याच्या आतल्या, टाळूकडच्या बाजूला प्रोब, म्हणजे हिरडीची खोली मोजणारी बारीक सळई, घातला. निरोगी हिरडीत तो तीन मिलिमीटरपर्यंत जातो. इथे तो जातच राहिला आणि नाकपुडीतून रक्ताचा थेंब ओघळला. सुळ्याचे मूळ आणि नाक यांच्यामधले हाड उरलेच नव्हते. दात काढून हिरडीचा पदर ओढून ते भोक शिवावे लागले. त्या मालकांनी दुकानात जाऊन तक्रार केली, तेव्हा त्यांना ‘वय झालंय त्याचं’ असे उत्तर मिळाले.

पुढे मार्च 2020 आला आणि आधीच मोडकळीला आलेले काम पूर्ण थांबले. दवाखाना बंद करण्याविषयी जागामालकांशी माझे बोलणेही झाले होते. कर्वेनगरच्या एक काकू, निवृत्त शिक्षिका, पहिल्या वर्षापासून आपला पॉमेरेनियन आमच्याकडे आणत असत. दिवेलागणीनंतर त्या त्याचे दात घासतात आणि त्यात खंड पडलेला मी पाहिलेला नाही. निर्बंध सैल होताच त्या आल्या, पुढच्या दोन स्वच्छतांचे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘पावती द्या. आणि दवाखाना बंद केलात तर परत मागायला येईन.’’ पाठोपाठ त्यांच्या ओळखीची पाच-सहा घरे आली. बाकावर बसून त्या इतर मालकांना ज्या स्वरात भुलीविषयी समजावत, त्या स्वरात मी बोलले असते तर एकही गिऱ्हाईक टिकले नसते.

कर्ज फिटले. 2021 नंतरच्या वर्षांत सांगण्यासारखे फारसे नाही.

आता कुणी विचारलेले नसले तरी सांगते. भूल कुठेही द्या, पण आधी रक्त तपासले का, सलाइनची सुई लावली का, श्वासनलिकेत फुग्याची नळी घातली का आणि एक जण दात साफ करीत असताना दुसरा केवळ भुलीवर लक्ष ठेवून असतो का, हे विचारा. नळी नसेल तर स्केलरचे घाण पाणी फुप्फुसात उतरू शकते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याबाबत हे दुप्पट काटेकोरपणे विचारा. पिल्लू सहा-सात महिन्यांचे झाले की बेचाळीस दात मोजा. नव्या सुळ्याशेजारी दुधाचा सुळा तसाच उभा असेल तर तो काढून घ्यावा लागतो. मटणाची नळी देऊ नका : ज्या वस्तूत नख रुतत नाही ती दाढ फोडते. आपली टूथपेस्ट तर मुळीच नको, कारण काहींत झायलिटॉल असते आणि ते कुत्र्याला विष आहे. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या, फक्त बाहेरची बाजू घासा, पण रोज घासा. साचलेल्या थराचे कीटण व्हायला दोन-तीन दिवस पुरतात, त्यामुळे रविवारच्या रविवार घासण्याने काहीही साधत नाही.

ते दुकान अजून चालते, फलकही तोच आहे. फरक इतकाच की दात हलू लागलेली कुत्री ते आता आमच्याकडे पाठवतात आणि चिठ्ठीवर ‘पुढील उपचारांसाठी’ असे लिहितात, जणू आधी काही उपचार झाले होते. आम्ही ती घेतो, पूर्ण दर लावतो आणि आधीच्या सफाईला त्यांनी किती घेतले, ते मालकांना विचारून केसपेपरवर लिहून ठेवतो.