एका सिग्नलला एकच ऑर्डर

अ‍ॅमीब्रोकर या शेअरबाजाराच्या चार्ट-सॉफ्टवेअरमधून ब्रोकरच्या एपीआयला (प्रोग्रामकडून ऑर्डर घेण्याच्या सोयीला) ऑर्डर देणारं प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, लिहिणं तसं फार अवघड नाही. तीच ऑर्डर दोनदा जाणार नाही एवढं बघण्यातच खरा वेळ जातो.

चार्टला नवी किंमत आली की एएफएल, म्हणजे या सॉफ्टवेअरच्या भाषेत लिहिलेला कोड, वरपासून खालपर्यंत पुन्हा चालतं. ऑर्डरचं फंक्शन त्यात थेट बसवलं, तर सिग्नल (खरेदी-विक्रीचा इशारा) टिकेपर्यंत दर रिफ्रेशला एक ऑर्डर सुटत राहते. म्हणून सिग्नल चालू कँडलवर (ठरावीक वेळेतले भाव दाखवणाऱ्या चार्टवरच्या पट्टीवर) न बघता आधीच्या, पूर्ण झालेल्या कँडलवर बघा. शेअरचं नाव, कँडलची वेळ आणि खरेदी की विक्री, यांची एक किल्ली बनवून स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये (कोड पुन्हा चालला तरी टिकणाऱ्या जागेत) ठेवा. किल्ली आधीच असेल तर पुढे जायचं नाही. तोच चार्ट दोन खिडक्यांत उघडा असेल, तर दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकाच क्षणी 'किल्ली नाही' असं वाचून दोघंही ऑर्डर सोडतात. तिथे साधं वाचा-लिहा पुरत नाही, वाचणं आणि लिहिणं एकाच अखंड पायरीत करणारं स्टॅटिकव्हार-कम्पेअर-एक्स्चेंज हे फंक्शन लागतं. शिवाय सॉफ्टवेअर मध्येच कोसळलं की ही व्हेरिएबल्स जातात, तेव्हा प्लगइनने किल्ल्या स्वतःच्या छोट्या फाइलीतही लिहाव्यात, आणि त्याही ऑर्डर पाठवण्याच्या आधी.

सगळ्यात घातक म्हणजे टाइमआउट. ऑर्डर पाठवली, उत्तर आलं नाही. ती पोचली का? माहीत नाही. इथे 'पुन्हा प्रयत्न करा' असा कोड लिहिणारे पैसे घालवतात. झिरोधाच्या काइट कनेक्ट या एपीआयमध्ये ऑर्डरला 20 अक्षरांपर्यंत टॅग देता येतो. किल्लीचं छोटं रूप त्यात घाला आणि टाइमआउटनंतर ऑर्डरबुकात तो टॅग शोधा. सापडला नाही तर थोडं थांबून परत बघा. तरीही नसेल तर स्क्रीनवर लाल पट्टी दाखवा, निर्णय माणसाला घेऊ द्या. ऑर्डर आयडी मिळाला म्हणजे सौदा झाला असंही नाही. मार्जिन (सौद्यासाठी खात्यात लागणारी रक्कम) कमी असेल तर त्यानंतरही ऑर्डर रिजेक्ट होते.

बाकी किरकोळ, पण सकाळ खाणारं. 64 बिटच्या अ‍ॅमीब्रोकरला 32 बिटची डीएलएल (प्लगइनची फाइल) चालत नाही, प्लगइनच्या यादीत ती दिसतच नाही. काइटचा अ‍ॅक्सेस टोकन (लॉगिननंतर मिळणारा पास) दुसऱ्या दिवशी सकाळी 6 वाजता संपतो. 403 हा एरर आला की आधी तेच तपासा. वेबसॉकेटवर (सतत भाव पाठवणाऱ्या जोडणीवर) शेअरचे भाव पैशांत येतात, 100 ने भागायला विसरू नका.

सेबीच्या 4 फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकानंतर एपीआयने ऑर्डर द्यायला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपीही आला. घरच्या साध्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत असतो, त्यामुळे वेगळा मागून घ्या किंवा क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घ्या. पुण्यात दुसराच पर्याय बरा, कारण गुरुवारी महावितरणची दुरुस्ती निघाली की राउटरही झोपतो. निफ्टी ऑप्शनची साप्ताहिक एक्स्पायरी (मुदत संपण्याचा दिवस) सप्टेंबर 2025 पासून गुरुवारची मंगळवारी गेली, ते आपल्या पथ्यावरच पडलं.

शेवटची चाचणी खऱ्या बाजारातच घ्या. एका शेअरची लिमिट ऑर्डर भावाच्या दोन टक्के खाली लावा, पाठवताक्षणी नेट तोडा, अ‍ॅमीब्रोकर टास्क मॅनेजरमधून मारा आणि सगळं पुन्हा सुरू करा. ऑर्डरबुकात एक ऑर्डर दिसेल किंवा एकही नाही. दोन दिसल्या, तर किल्लीचा कोड पुन्हा वाचायला घ्या.