मावशीच्या नाकातून गळणारं पाणी आणि बीटा-टू ट्रान्सफेरिन

मावशी भाकरी थापायला वाकली की उजव्या नाकपुडीतून टपकन एक थेंब परातीत पडायचा. आधी तिला वाटलं घाम असेल, मग वाटलं सर्दी झालीय, मग ती पदराचं टोक नाकाला लावूनच चुलीपुढं बसायला लागली. तिचं घर तासगावकडं, द्राक्षबागेला लागूनच, त्यामुळं जो तो म्हणाला फवारणीची ॲलर्जी आहे, डॉक्टरांनीही तेच धरलं, आणि सहा महिने ॲलर्जीच्या गोळ्या आणि नाकात मारायचा स्प्रे चालू राहिला. पाणी काही थांबलं नाही.

मी सांगलीत एका लॅबमध्ये काम करते, बारा वर्षं झाली. आणि तरी मला हे सहा महिने कळलं नाही कारण फोनवर ती "सर्दी हाय गं" एवढंच सांगायची. दिवाळीला गेले तेव्हा दोरीवर तिचे रुमाल वाळत होते, तेव्हा ती सहज बोलून गेली, "सर्दीचा रुमाल वाळला की कसा कडक हुतो, ह्यो बघ की, नुसता पाण्यात बुडवल्यागत मऊ हाय." मी तिथंच थबकले. नाकातल्या शेंबडात म्युसिन नावाचं चिकट प्रोटीन असतं, ते वाळलं की कापड कडक होतं. मेंदूभोवतीच्या पाण्यात, म्हणजे सीएसएफमध्ये, ते नसतं, म्हणून रुमाल मऊच राहतो. हे निरीक्षण फार जुनं आहे, आणि मावशीनं ते कुठंही न वाचता रुमाल धुता धुता स्वतःच केलं होतं.

मग मी एकेक विचारत गेले. फक्त उजवीकडूनच येतं का, हो. वाकल्यावर जास्त येतं का, हो. रात्री आडवं पडल्यावर घशात खारट लागतं का, तर म्हणाली "तुला कसं कळलं?" आणि वर हेही सांगितलं की वर्षानुवर्षं जे डोकं ठणकायचं ते पाणी सुरू झाल्यापासून जरा हलकं झालंय. मला हे ऐकून बरं वाटायच्या ऐवजी भीती वाटली, कारण कवटीतला दाब वाढलेला असतो तेव्हा हाड झिजून वाट पडते आणि पाणी बाहेर गेलं की डोकं हलकं होतं. कुठला मार नाही, ऑपरेशन नाही तरी आपोआप होणारी ही गळती वजन जास्त असलेल्या मध्यम वयाच्या बायकांमध्ये जास्त दिसते, आणि मावशी बावन्नची, वजन शहाऐंशी.

आता इथं जो घोळ होतो तो मला नीट सांगायचाय, कारण तो सगळीकडं होतो. माझा मावसभाऊ हुशार, त्यानं नेटवर वाचलं की मेंदूच्या पाण्यात साखर असते, म्हणून त्यानं घरातल्या ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपवर तो थेंब लावला, आकडा आला ४८, आणि अख्खं घर हादरलं. मी म्हटलं दादा, हा आकडा कुठंच धरू नको. सीएसएफमध्ये रक्ताच्या साधारण दोन-तृतीयांश साखर असते हे खरंय, पण मावशीला डायबेटिस आहे आणि रक्तातली साखर वाढलेली असली की नाकातल्या पाण्यातही साखर उतरते, त्यात कणभर रक्त मिसळलं तरी आकडा चढतो. आणि उलटही होतं बघा, मेंदूज्वर झालेला असेल तर सीएसएफमधली साखर घसरते, मग गळती असूनही स्ट्रिप काहीच दाखवत नाही आणि आपण निर्धास्त होतो. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त धोका त्यालाच ती फसवते. काही ठिकाणी अजून ही स्ट्रिप लावून पेशंटला "काही नाही, सर्दी आहे" म्हणून घरी पाठवतात, त्याचा मला मनापासून राग येतो.

दुसरी गोष्ट कड्याची. अपघाताचा पेशंट येतो, नाकातून नाहीतर कानातून रक्तमिसळलं पाणी येत असतं, ते गॉजवर टिपलं की मधे लाल ठिपका आणि भोवती फिकट पाणचट कडं उमटतं, ते दिसलं की सीएसएफ असं शिकवलेलं असतं. मी एकदा दुपारी काम कमी होतं तेव्हा फिल्टर पेपरवर स्वतः करून पाहिलं, एक थेंब रक्तात सलाईन, एकात साधं नळाचं पाणी. दोन्हीकडं कडं उमटलं, अगदी सुबक. त्यामुळं कडं दिसलं तर संशय घ्यावा, लगेच पळावं, पण रिपोर्ट म्हणून ते चालत नाही.

खरी टेस्ट बीटा-टू ट्रान्सफेरिनची. ट्रान्सफेरिन म्हणजे लोह वाहून नेणारं प्रोटीन, ते रक्तात भरपूर असतं आणि त्याच्या अंगावर सियालिक ॲसिडच्या शेपट्या लागलेल्या असतात. मेंदूत न्यूरामिनिडेज नावाचं एन्झाइम आहे, ते या शेपट्या छाटून टाकतं, असं छाटलेलं ट्रान्सफेरिन म्हणजे बीटा-टू. ते सीएसएफमध्ये सापडतं, नाकातल्या पाण्यात नाही, अश्रूंत नाही, लाळेत नाही, आणि निरोगी माणसाच्या रक्तातही दिसत नाही. फिनलंडमधल्या म्युरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली गळती ओळखायला हे वापरून दाखवलं आणि आजही त्यावरच भरवसा ठेवतात.

करायची पद्धत मला फार आवडते. जेलवर, म्हणजे खळीसारख्या मऊ पातळ थरावर, सॅम्पल लावायचं, करंट सोडायचा, प्रोटीन पॉझिटिव्ह टोकाकडं सरकायला लागतात. सियालिक ॲसिडवर निगेटिव्ह चार्ज असतो, त्यामुळं शेपट्यावालं ट्रान्सफेरिन पुढं पळतं आणि छाटलेलं मागं रेंगाळतं. मग वरून ट्रान्सफेरिनलाच पकडणारी अँटीबॉडी ओतायची, बाकीचं सगळं धुऊन काढायचं आणि रंग द्यायचा. साधं नाकातलं पाणी असेल तर एकच बँड, म्हणजे एकच रंगीत पट्टी. सीएसएफ असेल तर त्याच्या मागं दुसरा एक बारीक बँड उभा राहतो, कधी इतका पुसट की जेल उजेडासमोर तिरपा धरून बघावा लागतो. शेजारच्या लेनमध्ये त्याच पेशंटचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, लावलेलं असतं, ते का, तर वर्षानुवर्षं खूप दारू पिणाऱ्यांच्या किंवा लिव्हर खराब झालेल्यांच्या आणि काही जन्मजात दोष असलेल्यांच्या रक्तातही शेपट्या कमी असलेलं ट्रान्सफेरिन फिरत असतं आणि मग खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. डोळ्याच्या आतल्या पाण्यातही बीटा-टू असतं, आतल्या कानाच्या पाण्यातही, म्हणून डोळ्याला मार लागलेला असेल तर ते फॉर्मवर लिहायचं.

बीटा-ट्रेस प्रोटीन म्हणून अजून एक टेस्ट आहे, ती मशीनवर झटपट होते, पण किडनी खराब असेल तर रक्तातच ते वाढलेलं असतं आणि मेंदूज्वरात सीएसएफमधलं कमी होतं, आणि आपल्याकडं ती सहज मिळतही नाही.

बीटा-टूची टेस्ट आमच्या लॅबमध्ये होत नाही, आम्ही मुंबईला पाठवतो. आणि सगळं घोडं अडतं ते सॅम्पलवर. पेशंट लॅबमध्ये येतो तेव्हा नेमकं पाणी येत नाही, मग कोणीतरी नाकात कापूस घालून ठेवतं, कापूस पाणी पिऊन टाकतो आणि आमच्याकडं येतं काय तर ओला बोळा. मावशीला मी साधी, आत कुठलंच केमिकल नसलेली झाकणाची बाटली दिली आणि सांगितलं, सकाळी उठल्या उठल्या खुर्चीवर बस, पुढं वाक, हनुवटी छातीला लाव, बाटली उजव्या नाकपुडीखाली धर, नाक शिंकरू नको, नुसतं टपकू दे. पहिल्या दिवशी तळ जेमतेम ओला झाला. बाटली फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी मिळून साधारण एक मिली झालं. स्वच्छ, काचेसारखं. त्याच दिवशी मी तिचं रक्त काढलं, सिरम वेगळं केलं, दोन्हींवर नाव, तारीख, वेळ आणि "उजवी नाकपुडी" लिहिलं आणि आइस पॅकमध्ये घालून कुरिअर केलं.

रिपोर्ट आला, बीटा-टू ट्रान्सफेरिन डिटेक्टेड. सिरममध्ये नाही.

माणसाच्या अंगात सीएसएफ एका वेळी असतं दीडशे मिलीच्या आसपास, पण दिवसाला तयार होतं पाचशे मिलीच्या घरात, म्हणून थोडं गळून माणूस लगेच खचत नाही आणि म्हणूनच दुर्लक्ष होतं. भीती गळण्याची नाही एवढी, पाणी जिथून बाहेर येतं तिथूनच नाकातले जंतू आत जाऊन मेंदूज्वर होण्याची आहे. मावशीला सहा महिन्यांत तो झाला नाही हे आमचं नशीब.

गळती कुठून आहे हे ही टेस्ट सांगत नाही, त्याला बारीक कापांचा सीटी आणि एमआरआय लागतो. तिचं भोक नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडात निघालं, वास घेणाऱ्या नसा जिथून खाली उतरतात तिथंच. दुर्बिणीतून नाकावाटेच ऑपरेशन झालं, मांडीचा पडदा आणि चरबी लावून बुजवलं. नंतर दोन महिने जड उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, पोट साफ राहायला औषध, आणि दाब कमी करायच्या गोळ्या, कारण एक वाट बुजली की आतला दाब परत वाढून दुसरीकडं वाट पाडू शकतो.

फेब्रुवारीत बेदाण्याच्या शेडवर काम सुरू झालं आणि एका सकाळी तिच्या उजव्या नाकपुडीतून परत पाणी आलं. यावेळी तिनं पदर लावला नाही. फ्रीजवर ठेवलेली दुसरी रिकामी बाटली काढली, खुर्चीवर बसून वाकली, थेंब धरले आणि मग मला फोन केला, "धरलंय बघ, फ्रीजात ठिवलंय, कधी येतीस?" मी एसटीनं जाऊन घेऊन आले. मुंबईहून रिपोर्ट आला, बीटा-टू नॉट डिटेक्टेड. दोरीवरचा रुमालही कडक झाला होता.