जिंजाला बेअरिंग आणायला गेलो तेव्हा

युगांडातल्या साखर कारखान्यात रुजू झालो, आणि पहिल्याच आठवड्यात मळीच्या पंपाचं बेअरिंग फुटलं. त्या नंबरचं स्टोअरमध्ये नव्हतं. "तुम्ही नवे आहात, गावही बघून होईल," म्हणत चीफ इंजिनिअरांनी मला ड्रायव्हरबरोबर जिंजाला पिटाळलं.

मेन स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना व्हरांड्यांच्या जुन्या दुमजली इमारती. माथ्यावर सिमेंटमध्ये उठवलेली भारतीय नावं आणि बांधकामाची सालं. खाली मोबाईलची दुकानं, सलून, आणि चपातीत ऑम्लेट गुंडाळून देणारी 'रोलेक्स'ची गाडी. 1972 मध्ये हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला 90 दिवस दिले होते. माझ्या डोक्यात मात्र भलताच प्रश्न: मालक गेल्यावर मधल्या काळात या इमारतींचं भाडं कोण घेत होतं? ड्रायव्हर म्हणाला, "सरकार!" आणि खो खो हसला.

हार्डवेअरच्या दुकानातले गुजराती काका लहानपणी आईवडिलांबरोबर इंग्लंडमधल्या लेस्टरला गेलेले. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या सरकारने मालमत्ता परत द्यायला सुरुवात केल्यावर नव्वदच्या दशकात ते परतले आणि वडिलांचंच दुकान उघडून बसले. बेअरिंग मिळालं. आमचं बोलणं हिंदीत चाललेलं, तेवढ्यात वीज गेली. नाईलवरचं 1954 सालचं धरण गावाला लागून, तरी ही गत! काकांनी सवयीनं जनरेटर सुरू करायला पोऱ्याला हाक मारली.

काउंटरशी एक स्थानिक मेकॅनिक उभा होता. त्यानं आमचं फुटकं बेअरिंग न विचारताच उचललं आणि बाहेर उजेडात नेलं. बाहेरच्या रिंगवर घासल्याचा पट्टा तिरका उमटला होता. "बॉस, नवं घालाल, तेही जाईल. आधी मोटर आणि पंप एका रेषेत आणा." माझ्या बॅगेत डिग्रीचं सर्टिफिकेट होतं आणि मी ती रिंग नीट पाहिलीही नव्हती.

परतताना ड्रायव्हरनं आग्रहानं नाईलच्या उगमाशी नेलं. तिथे गांधीजींचा अर्धपुतळा आहे. 1948 मध्ये त्यांच्या अस्थींचा काही भाग इथे विसर्जित केला होता. चांगली निवांत जागा, पण माझं लक्ष घड्याळाकडे. कारखान्यात पोचल्यावर मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगला डायल गेज, म्हणजे सूक्ष्म फरक दाखवणारं काट्याचं मापक, लावला. काटा बराच हलला, म्हणजे दोन्ही खरंच एका रेषेत नव्हते. बेस बोल्ट सैल करून खाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालता घालता रात्र झाली. पंप सुरू झाल्यावर मी ड्रायव्हरला गाठून त्या मेकॅनिकचा फोन नंबर घेतला.