आमची वाटचाल: सिलिकेटपासून चिमणीपर्यंत

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्र्यांना आम्ही सोडियम सिलिकेट द्यायचो. वाळूत सिलिकेट मिसळायचं, वरून कार्बन डायऑक्साइड मारला की कोअर, म्हणजे ओतकामात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, कडक. फाउंड्रीवाला हा गॅस सिलिंडरनं विकत आणतो आणि साखर कारखान्याच्या चिमणीतून तोच फुकट जातो! मग गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये गॅस पकडणारं सॉल्व्हंट करायला घेतलं.

रूढ माल म्हणजे एमईए, मोनोइथेनॉलअमाइन. ३० टक्के द्रावण, ४० अंशांच्या आसपास गॅस धरतं, १२० ला सोडतं. पण पकडलेल्या गॅसच्या टनामागं साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता घेतं, वर लोखंडही खातं. हंगामात वाफ रस आटवायला लागते, ती आपल्याला कोण देणार? म्हणून एएमपी हे दुसरं अमाइन घेतलं. त्याची गॅसवरची पकड सैल, सोडवायला उष्णता कमी. पण ते संथ. वेगासाठी लोक पिपराझिन हे झपाट्यानं गॅस धरणारं अमाइन घालतात, आणि धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडमुळं त्यातून कॅन्सरकारक नायट्रोसामाइन तयार होतात. आम्ही त्याऐवजी पोटॅशियम ग्लायसिनेट घातलं. अमिनो आम्लाचा क्षार आहे, हवेत उडत नाही.

लाकडी पेटीतला जुना ओरसॅट, म्हणजे गॅस मोजायचं काचेचं उपकरण, अजून माझ्या टेबलावर आहे. पोरं डिजिटल ॲनलायझर मागतात, घेऊनही दिलाय. पण गॅस कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या पोटॅशमध्ये ढकलून परत मोजनळीत, ब्युरेटमध्ये, ओढला की किती कमी भरला ते डोळ्यांना दिसतं. तसंच गंजाचं: गरम द्रावणात एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, पट्ट्या टांगायच्या, आधी वजन, नंतर वजन. ज्याच्याकडं पट्ट्यांची वही नाही, त्याच्याकडून सॉल्व्हंट घेऊ नका.

एका कारखान्यात ट्रायल पास झाली, ऑर्डर तोंडी पक्की, आम्ही कच्चा माल भरला. तेवढ्यात बाहेरचा एक डीलर निम्म्या दरात साधं एमईए घेऊन आला. खरेदी खात्यानं किलोचा दर बघितला, वाफेचा हिशेब कुणी मांडलाच नाही. हंगाम संपायच्या आत रिबॉयलरच्या, म्हणजे वाफेवर द्रावण तापवणाऱ्या भांड्याच्या, नळ्या गळायला लागल्या, हे त्यांच्याच फिटरनं मला सांगितलं. तोवर आमची सीसी, म्हणजे बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा, पूर्ण वापरून झाली होती, ड्रम शेडमध्ये पडून, आणि बँकेचे साहेब रोज चहाला.

तेव्हा शिरोलीचे आमचे जुने गिऱ्हाईक, आण्णा, यांनी सिलिकेटचा चेक आगाऊ फाडला. म्हणाले, "पैसं घिऊन जा, माल सावकाश दे." त्यावर पगार झाले. आण्णांना आजही जुन्याच दरानं माल जातो, अकाउंटंट कितीही कुरकुरू दे.

पुढची वर्षं बरी गेली. नव्यांना एकच सांगतो, कोटेशनमध्ये किलोच्या दराशेजारी टनामागची वाफ लिहा, आणि तोंडी ऑर्डरवर ड्रम भरू नका.

तो डीलर आता आमच्याकडंच माल मागतो. देतो, पण पूर्ण ॲडव्हान्सवर.