खुणेपर्यंत

अकरावीला आम्हाला रसायनशास्त्र शिकवणारे सर उंचीने बेताचे होते, आणि प्रॅक्टिकलला त्यांच्या तोंडी सदा एन बाय टेन, म्हणजे डेसिनॉर्मल, नॉर्मलच्या एक दशांश तीव्रतेचं द्रावण. त्यामुळे त्यांचं नाव 'डेसिनॉर्मल' पडलं होतं. आमच्या आधीच्याच कुठल्यातरी बॅचचं हे काम. सरांनाही ते ठाऊक असावं.

पहिल्याच प्रॅक्टिकलला ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण करायचं होतं. रेणुभार १२६, इक्विव्हॅलंट वेट ६३ (लिटरभर नॉर्मल द्रावणात एवढे ग्रॅम), म्हणजे २५० मिली डेसिनॉर्मलला १.५७५ ग्रॅम. (स्फटिकातलं पाणी विसरून रेणुभार ९० धरणारे दोघंतिघं होते, त्यांची वरात वेगळी निघाली.) माझं गणित बरोबर आलं. मी ऐटीत वजन केलं, मापाने अडीचशे मिली पाणी घेतलं आणि त्यात ओतलं. सर मागेच उभे होते.

"द्रावण अडीचशे सांगितलं होतं, का पाणी?"

मला काही फरक कळला नाही. खरं तर दीड ग्रॅमला फरक पडतोच किती? मी तसं बोललोही. सर गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून काचेची मोठी बरणी आणि खुणा असलेलं प्लॅस्टिकचं माप आणलं. प्रयोगशाळेतलं भांडं तोंडाला लावायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून घरचं. अर्धा लिटर पाणी, त्यात अर्धा किलो साखर. ढवळून ढवळून हात भरून आले. साखर दिसेनाशी झाल्यावर सरांनी मला मापात ओतून बघायला लावलं. पाक आठशे मिलीच्याही वर गेला! अर्धा लिटर पाण्याचा अर्धा लिटर पाक राहत नाही, हे घरी आई दर सणाला बघत होती, मी कधी बघितलं नव्हतं. "आधी थोड्या पाण्यात विरघळव, मग खुणेपर्यंत भर," एवढंच सर म्हणाले आणि लिंबं कापायला बसले. सरबत अख्ख्या वर्गाला पुरलं.

एवढं होऊनही मी शहाणा झालो नाही. आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात, तेव्हा दीड एकर तास-ए-गणेश जातीची. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, घड पोपटी झाले की जीएची (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) फवारणी असते, १० पीपीएमची. म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, दोनशे लिटरच्या बॅरलला दोन ग्रॅम. आण्णा त्या पुड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यायचे, पाण्यात जीए नीट विरघळत नाही. त्या दिवशी आण्णा बाजारला गेलेले. बॅरल निम्मं भरलं आणि लाईट गेली, विहिरीची मोटर बंद. फवारणीचा पंप इंजिनावरचा, त्याला लाईटशी देणंघेणं नव्हतं. मी विचार केला, औषध तर दोनच ग्रॅम जाणार, पाणी कमी असलं म्हणून काय? दोन्ही पुड्या टाकल्या आणि चार ओळी मारून मोकळा झालो.

पुढच्या आठवड्यात त्या चार ओळींतले घड ओळखू येत होते. देठ काडीसारखे ताठ, पाकळ्या (घडाच्या बाजूच्या फांद्या) पिळवटलेल्या. आण्णांनी एक घड हातात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "काय घातलंस रं ह्यात?"

सरांना सांगितलं, तर त्यांनी फळ्यावर लिहायला लावलं: १० गुणिले २००, भागिले १००. उत्तर २० आलं. विरघळलेलं तेवढंच, पाणी निम्मं. नंतर एका रविवारी ते सायकलवरून बागेत आले, घड बघितले, चहा घेतला. जाताना खिशातली छोटी वही काढून काहीतरी टिपून घेतलं. आण्णांनी त्याच दिवशी दहा लिटरच्या बादलीने पाणी मोजून बॅरलवर लाल ऑइलपेंटच्या रेघा मारल्या: शंभर, दीडशे, दोनशे.

दोन वर्षांनी धाकटी बहीण अकरावीला गेली. सहामाहीचा पेपर घेऊन घरी आली आणि जेवताना हसतच सुटली. प्रश्न तिसरा: 'एका बागायतदाराच्या हुशार मुलाने १०० लिटर पाण्यात २ ग्रॅम जीए टाकले. द्रावणाची संहती पीपीएममध्ये काढा.'

आण्णांनी तो प्रश्न तिच्याकडून दोनदा वाचून घेतला.