दोन्ही हात जखडलेला टॅकल

ऑस्ट्रेलियाच्या मध्य व्हिक्टोरियातल्या गावांत फुटबॉल (बॉल हातात घेऊन पळायचा, धरून पाडायचा ऑस्ट्रेलियन प्रकार) आणि नेटबॉलचा (बास्केटबॉलसारखा, पण अंगाला न भिडता खेळायचा खेळ) क्लब एकच असतो. शनिवारी पुरुषांचं फुटबॉल आणि बायकांचं नेटबॉल, त्यामुळे महिला फुटबॉलच्या वाट्याला शुक्रवारची रात्र नाहीतर रविवार. आमच्याकडे रविवार. बऱ्याच मुली आदल्या दिवशीचं नेटबॉल खेळून जड पायांनी येतात आणि ट्रेनरचा, म्हणजे दुखापती बघणारीचा, माझा, पहिला तास घोटे बांधण्यात जातो. 38 मिलिमीटरची न ताणणारी टेप घ्यायची, पाऊल नडगीशी काटकोनात धरायचं. आधी घोट्याच्या वर अँकर, म्हणजे बाकीच्या पट्ट्यांना आधार देणारा वेढा, मग आतून बाहेर तीन पट्टे, शेवटी टाचेला वेढा. टाचेच्या मागे सुरकुती राहिली की अर्ध्या सामन्यात फोड. करंगळीकडे जास्त आवळली की बोटं बधिर. म्हणून शेवटी अंगठ्याचं नख दाबून बघायचं. दोन सेकंदांत रंग परतला पाहिजे.

त्या रविवारी साखळीचे दोन सामने उरले होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये विंगवरची मुलगी बॉल घेऊन वळली आणि मागून टॅकल आला, म्हणजे समोरच्या संघातल्या मुलीने तिला धरलं. दोन्ही हात अंगाशी जखडून तिला तसंच फिरवून पाडलं. हात मोकळे असते तर आधी ते टेकले असते. इथे डोक्याची मागची बाजू आपटली. अंपायरने फ्री किक दिली. ती आपली आपण उठली, किकही नीट मारली. प्रेक्षकांच्या लेखी विषय संपला.

मला खटकलं ते त्यानंतरचं. बॉल पलीकडे गेला आणि ही जिच्यावर पहारा ठेवायचा तिला सोडून मैदानाच्या मध्यात उभी, नजर कुठेच नाही. लगेच बाहेर घेतली.

नाव, वार, तारीख विचारून फारसं काही कळत नाही. डोक्याला मार बसलेला माणूसही ते बहुधा बरोबर सांगतो. नुकतंच घडलेलं मात्र निसटतं. म्हणून मॅडॉक्सचे प्रश्न, चालू आणि मागच्या सामन्याबद्दलचे. ते 1995 साली प्रसिद्ध झाले आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या खेळाडूंवरच तपासलेले आहेत. मैदान कुठलं? क्वार्टर कितवा? शेवटचा गोल कोणाचा? गेल्या आठवड्यात कोणाशी खेळलो? जिंकलो का? पहिली दोन उत्तरं बरोबर आली. शेवटचा गोल तिने स्वतःच्या नावावर सांगितला. तो पहिल्या क्वार्टरमधला होता.

कोचचं म्हणणं, "बोलतेय की नीट. दहा मिनिटं बसव, मग बघू." बेंचवर दोघीच उरल्या होत्या, कोचची अडचण खरी होती. पण कन्कशनचा, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याचा, नुसता संशय आला तरी त्या दिवशी परत मैदानात नाही, आणि पाचही उत्तरं बरोबर आली असती तरी माझा निर्णय बदलला नसता. ती नजर पुरेशी होती. (मऊ हेल्मेटने हे टळतं असं पालकांना वाटतं. टळत नाही, खरचटणं, फुटणं तेवढं वाचतं.)

2024 पासून सामुदायिक फुटबॉलमध्ये कन्कशननंतर किमान 21 दिवस सामना नाही आणि डॉक्टरांची परवानगी हवीच. म्हणजे उरलेली साखळी गेली. खेड्यात डॉक्टरांची वेळ मिळायला आठवडे लागतात, तेव्हा सोमवारी सकाळीच फोन करायचा. ते 21 दिवस संपत आल्यावर धावाधाव करून वेळ मिळत नाही.

त्याहून तातडीचा प्रश्न वेगळाच होता. ती शेतावर राहते आणि स्वतः यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) चालवत आली होती. गाडी चालवायची नाही, रात्री एकटीने राहायचं नाही, दारू नाही. किल्ल्या काढून घेतल्या. एका सहकारी मुलीने यूट नेली, तिला आईने. आईच्या हाती कागद दिला: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, मान दुखणं, दोन-दोन दिसणं, हातापायाला मुंग्या, झटका, झोपेतून उठवता न येणं. यातलं काहीही दिसलं तर आधी 000 या आपत्कालीन नंबरला फोन, मग मला.

मंगळवारच्या सरावात मॅट अंथरल्या. नेटबॉलमधून आलेल्यांना झेल आणि पास उत्तम येतात. अंगावर कोणी आलं तर पडायचं कसं, हे मात्र कोणी शिकवलेलं नसतं. गुडघ्यांवर बसून सुरुवात: हनुवटी छातीला, कुशीवर वळायचं, बॉल सोडायचा. टॅकल करणारीला वेगळा धडा. एक हात मोकळा ठेव आणि आपल्या बाजूला पाड, मागे फिरवू नकोस.